टाकळीचा हिरवा 'हिस्लॉपाइट' ओळखायचा कसा?

धरमपेठ, प्रतिनिधी - इमारतीचा पाया खोदताना निघणारा काळा दगड पश्चिम नागपूरला नवा नाही. धरमपेठेपासून सेमिनरी हिल्स, काटोल रोडपर्यंत जमिनीखाली बेसॉल्टच आहे. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यातील एखाद्या पोकळीत गवतासारख्या हिरव्या रंगाचा, सपाट चकाकत्या पृष्ठांचा खडा दिसला, तर तो मलब्यात टाकण्यापूर्वी थोडे थांबावे. नागपूरच्याच मातीतून जगाच्या खनिजशास्त्रात गेलेला तो 'हिस्लॉपाइट' असू शकतो.

हे नाव हिस्लॉप कॉलेजमुळे नागपूरकरांच्या ओठांवर आहेच. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शिक्षण ही त्यांची कामे. पण सोबत हातोडी असे. सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी टाकळी परिसरातील लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेले जीवाश्म शोधले आणि 1855 मध्ये नागपूरच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टाकळीचा हिरवा खडा डब्लिनचे प्राध्यापक सॅम्युअल हॉटन यांच्याकडे पोचला. त्यांनी 1859 मध्ये त्याचे पृथक्करण करून त्याला हिस्लॉप यांचे नाव दिले. पुढे 1863 मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात हिस्लॉप यांचा अंत झाला. (टाकळी आणि टाकळघाट ही गावे वेगळी, जुन्या नोंदी वाचताना अनेकांची गल्लत होते.)

आजच्या शास्त्रानुसार हिस्लॉपाइट हे स्वतंत्र खनिज नव्हे. ते कॅल्साइटच आहे. म्हणजे चुनखडी ज्या द्रव्याची असते तेच. फरक इतकाच, की स्फटिक वाढत असताना हिरव्या चिकणखनिजाचे सूक्ष्म कण त्यात अडकले. हॉटन यांनी त्या कणांना ग्लॉकोनाइट म्हटले. त्याचाच सख्खा भाऊ शोभावा असा सेलॅडोनाइट बेसॉल्टच्या पोकळ्यांना नेहमीच हिरवे अस्तर लावतो.

ओळख पटवायची ती याच घडणीवरून. रंग सर्वांत आधी दिसतो, पण भरवसा त्याच्यावर सर्वांत कमी ठेवावा. प्रथम फुटलेली बाजू पाहावी. कॅल्साइट तीन दिशांना सपाट फुटतो आणि त्याचे तुकडे कललेल्या पेटीसारखे, समांतरभुज बाजूंचे होतात. नखाने ओरखडा उठत नाही, चाकूच्या टोकाने सहज उठतो, कठिनता 3. झिलई नसलेल्या फरशीच्या पाठीवर घासल्यास कस पांढरा किंवा फिकट उमटतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसून बुडबुडे येतात. आम्ल हाताशी नसेल तर चाकूने थोडी भुकटी काढून तिच्यावर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे सावकाश, पण येतात.

खरी निर्णायक कसोटी यानंतरची. एक लहानशी चीप व्हिनेगरमध्ये बुडवून काही दिवस ठेवावी, व्हिनेगर मधूनमधून बदलावे. कॅल्साइट विरघळतो, हिरवे चिकणखनिज विरघळत नाही. तळाशी हिरवा गाळ उरला, तर रंग आतून अडकलेल्या कणांचा आहे हे सिद्ध होते. पांढऱ्या कॅल्साइटला वरून हिरवा लेप असलेले खडेही मिळतात. म्हणून चीप आतल्या भागातून घ्यावी.

फसवणारे दगड अनेक. दुकानांतून आकर्षक हिरवा म्हणून विकला जातो तो बहुधा जळगाव, पुण्याकडील अपोफायलाइट. तो एकाच दिशेला सुरेख फुटतो, त्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असते आणि आम्लाने तो फसफसत नाही. हिरवा गार काचेवर ओरखडा काढतो. बाटलीची काच शिंपल्यासारखी वक्र फुटते. मॅलाकाइट मात्र चकवतो, कारण आम्लात तोही फसफसतो. परंतु त्याचा कस हिरवा असतो.

या सगळ्या कसोट्या पार पडल्या तरी हाती येते ते 'हिरवे कॅल्साइट' एवढेच. हिरवे कॅल्साइट जगात इतरत्रही मिळते. संग्राहक मोल देतात ते टाकळीच्या नावाला. आणि टाकळी आता शहरातच विरघळली आहे. हिस्लॉप ज्या उघड्या थरांवर हातोडी चालवत, त्या भागात घरे आणि रस्ते झाले. नवा नमुना मिळालाच तर तो विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामातच, आणि तोही ट्रक भरून जाईपर्यंतच्या दोन-चार दिवसांत. म्हणून जागामालकाची परवानगी घेऊन उचललेल्या खड्यासोबत त्याच दिवशी चिठ्ठी लिहावी: जागा, खोली, तारीख. तो ज्या काळ्या दगडात रुतला आहे त्याचा तुकडाही सोबत राहू द्यावा. घासूनपुसून सुटा केलेला स्फटिक दिसायला देखणा, पण निनावी होतो. शंका उरली तर लॉ कॉलेज चौकातील विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग धरमपेठेपासून फार दूर नाही. जाताना खड्याबरोबर ती चिठ्ठीही न्यावी.