परसातले गांडूळ

आपल्या भाषेत गांडुळाला मान नाही. ज्याला कणा नाही अशा माणसाला आपण गांडूळ म्हणतो आणि मोकळे होतो. गांडुळाला कणा नसतो हे प्राणिशास्त्रही कबूल करील. परंतु ज्या कामापुढे मोठमोठ्या नगरपालिका हात टेकतात, ते काम हा प्राणी निमूटपणे करतो. म्हणून आज आम्ही त्याचा विषय घेतला आहे.

त्याची कदर केली ती चार्ल्स डार्विनने. १८३७ साली त्याने लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे गांडुळांच्या कामावर निबंध वाचला, आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांच्यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. मातीच्या कुंड्यांत गांडुळे भरून त्याने त्या घरात ठेवल्या होत्या. जवळ शिट्टी वाजविली, पियानो वाजविला, गांडुळे ढिम्म. मात्र तीच कुंडी पियानोवर ठेवून पट्टी दाबताच ती झटकन बिळात शिरली. त्यांना कान नाहीत, पण कंप कळतो. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी एकरी वर्षाकाठी १० टनांहून अधिक माती त्यांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने मांडला.

यावर कोणी म्हणेल, बागेतली चार गांडुळे उकरून टबात टाकली की झाले. येथेच फसगत होते. खोल बिळे करणारे गांडूळ माती खाऊन राहते. टबात ते टिकत नाही. खताला कुजत्या पाल्यात, पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या जाती लागतात. तांबूस ‘आयसेनिया फेटिडा’, आफ्रिकेतून आलेली ‘युड्रिलस’ आणि आपल्याकडची ‘पेरिओनिक्स’ या त्यांतल्या प्रमुख. नावे विसरलात तरी चालेल. आणताना खतात वाढलेलीच गांडुळे मागा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गांडुळाला दात नाहीत. ताज्या सालीचे ते काही करू शकत नाही. जिवाणू आणि बुरशी तिला मऊ करतात, मग गांडूळ ती गिळते आणि आपल्या पेषणीत बारीक कणांच्या साह्याने दळते. म्हणजे नाव गांडुळाचे, पण आधी सांभाळायचे ते जिवाणूंना! ताज्या कचऱ्याचा मोठा ढीग कुजताना तापतो आणि त्या उष्णतेने गांडुळे मरतात. फार ओला झाला तर हवा कोंडते. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात कलिंगडाची साले एकदम टाकली. दोन दिवसांत वास सुटला आणि एका रात्रीत गांडुळे टबातून निघून जिन्यावर आली. त्या प्रसंगी घरच्या मंडळींनी विज्ञानावर केलेले भाष्य येथे सांगण्याजोगे नाही.

तेव्हा रीत अशी ठेवावी. तळाला छिद्रे पाडलेला टब सावलीत ठेवून खाली नारळाच्या शेंड्या व वाळका पाला घालावा, त्यावर जुने शेणखत आणि गांडुळे. भाज्यांची देठे-साले आठ-पंधरा दिवस निराळी कुजवून मग पातळ थराने द्यावी. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. तेलकट, खारट, मांसमच्छी नको. लिंबाची सालेही फार नकोत. वर ओले गोणपाट.

या खतात नत्र साधारणपणे शेकडा एक-दोनच असते. गोणीतल्या युरियाशी त्याची तुलना करणे व्यर्थ. त्याचे मोल माती भुसभुशीत करण्यात आणि ओल धरून ठेवण्यात आहे.

‘एवढी खटपट कशाला, घंटागाडी येतेच की’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती गाडी जाते कोठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडला. ओला कचरा ढिगात कोंडला की त्यातून मिथेन निघतो, आणि काळे पाणी झिरपून विहिरींपर्यंत पोहोचते. ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या की शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचत, आणि तेव्हाच आम्हां शहरवासीयांना त्या गावांची आठवण होई. २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा घरातच निराळा करणे बंधनकारक झाले. निराळा केलेला ओला कचरा उंबऱ्याबाहेर का जावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

दोनअडीच महिन्यांत टबातला माल चहाच्या भुकटीसारखा रवाळ होतो आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. मग पाणी देणे थांबवावे आणि तो उजेडात कागदावर शंकूसारखा रचावा. गांडुळांना उजेड सोसत नाही. ती तळाशी जातात. वरचे खत हलक्या हाताने काढून चाळावे. चाळणीत मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळसर दाणे राहिले तर फेकू नयेत. ते अंड्यांचे कोष असतात, पुन्हा टबात टाकावेत.