रंगीत चित्रांचे कूटलेखन : सारणी व अव्यवस्था यांची जोड

रुग्णालयातील तपासणीची चित्रे, जमिनीचे नकाशे, ओळखपत्रांवरील छायाचित्रे आता संगणकांच्या जाळ्यातून ठिकठिकाणी जातात. वाटेत ती परक्याच्या हाती पडली तरी त्याला उमगू नयेत, यासाठी त्यांचे कूटलेखन करावे लागते. सारणीचे गणित व केऑस, म्हणजेच अव्यवस्थेचा सिद्धांत, यांची सांगड घालणारी रीत त्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचा पट होय. प्रत्येक बिंदूतील तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाची तीव्रता ० ते २५५ यांपैकी एकेका आकड्याने दर्शविली जाते. लेस्टर हिल या अमेरिकन गणितज्ञांनी १९२९ मध्ये अक्षरांचे गट सारणीच्या साहाय्याने गुप्त करण्याची रीत मांडली. तीच येथे उपयोगी पडते. तीन आकड्यांना तीन ओळींच्या सारणीने गुणावयाचे व २५६ ने भागून उरलेली बाकी घ्यावयाची. (१, १, ०), (०, १, १) व (१, १, १) अशा ओळी घेतल्यास २००, १००, ५० या बिंदूचे ४४, १५०, ९४ होतात. सारणीचा निश्चयक विषम असेल तरच व्यस्त सारणीने मूळ आकडे परत मिळतात.

तथापि या रीतीत मोठे वैगुण्य आहे. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. त्यामुळे काळा भाग काळाच राहतो. एकाच रंगाचा भाग रंग बदलूनही एकरंगीच राहतो आणि चेहऱ्याची बाह्याकृती ओळखू येते.

हे वैगुण्य अव्यवस्थेच्या सिद्धांताने झाकता येते. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या आकडेमोडीत ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ ही संख्या घेतली, तेव्हा पुढील उत्तरे पार निराळी आली. हीच संवेदनक्षमता येथे कामी येते. ० व १ यांमधील एखादी संख्या घेऊन तिला, एकातून ती वजा करून उरणाऱ्या संख्येने व नंतर ४ हून किंचित लहान अशा योग्य स्थिरांकाने गुणावे. येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुनःपुन्हा करावी. त्यातून नियमहीन भासणारी मालिका तयार होते. तिच्यापासून ० ते २५५ मधील आकडे बनवून ते प्रत्येक घटकात मिळविले व पुन्हा २५६ ने भागून बाकी घेतली, की काळा भागही विस्कटतो. आरंभीची संख्या व स्थिरांक हीच किल्ली होय.

परंतु डोळ्यांना न उमगणे ही गुप्ततेची कसोटी नव्हे. संगणकात दशांशस्थळे मर्यादित असल्याने कोणतीही मालिका केव्हातरी पुनरावृत्त होतेच. एकाच किल्लीने दोन चित्रे झाकल्यास दोहोंची वजाबाकी करताच मालिका नाहीशी होते. अशा अनेक पद्धती संशोधकांनी भेदल्याही आहेत. म्हणून प्रत्यक्ष व्यवहारात, अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या एईएससारख्या कसून पारखलेल्या पद्धतींवरच भिस्त ठेवणे इष्ट ठरते. रीत शत्रूला ठाऊक झाली तरी किल्लीवाचून त्याचे काही चालू नये, हे १८८३ मध्ये ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी सांगितलेले तत्त्व चित्रांनाही तितकेच लागू आहे.