स्कूटरच्या जेटवरचा आकडा

आपल्या गावांत अजून जुन्या स्कूटरी दिसतात. कोणी त्यावर दुधाचे कॅन नेतो, कोणी भाजीच्या जुड्या. बजाजची चेतक ही त्यांतली सर्वांच्या ओळखीची. ही गाडी १९७२ साली निघाली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव तिला दिले. पेट्रोलवरची ती चेतक आता कारखान्यातून निघत नाही. २०२० पासून त्याच नावाची गाडी विकली जाते, पण ती विजेवर चालते. तिला कार्ब्युरेटर नसतो. म्हणून येथे आम्ही जुन्या गाडीबद्दलच सांगत आहोत.

कार्ब्युरेटर म्हणजे काय? चूल पेटवताना काय होते ते आठवा. लाकूड पुष्कळ कोंबले आणि वारा कमी पडला, तर धूर होतो. वारा भरपूर आणि लाकूड थोडे असेल, तर जाळ भडभडून विझतो. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल आणि हवा योग्य मापाने मिसळावी लागतात. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा लागते. हे मिसळण्याचे काम कार्ब्युरेटर करतो.

त्यात पेट्रोल मोजून सोडणारा पितळेचा एक बारीक तुकडा असतो. त्याला जेट म्हणतात. त्याच्या मधोमध एक भोक असते. जेटवर एक आकडा कोरलेला असतो. तो आकडा म्हणजे त्या भोकाचे माप. एका मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यांतले ९८ भाग भोकाची रुंदी असेल, तर जेटवर ९८ लिहिलेले असते. आकडा मोठा तर भोक मोठे आणि पेट्रोल जास्त. आकडा लहान तर पेट्रोल कमी.

थोडा फरकही जाणवतो बरे का! १०० चा जेट काढून ११० चा घातला, तर भोकाची रुंदी दहावा हिस्साच वाढते. पण भोक गोल असल्यामुळे त्याची जागा पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त वाढते. म्हणून जेट बदलताना एकदम मोठी उडी घेऊ नये. लगतचाच आकडा घ्यावा.

जेट केव्हा बदलावा? भोक खराब झाले असेल तेव्हा. किंवा मागे कोणी चुकीच्या मापाचा घातला असेल तेव्हा. गाडीने धूर सोडला की लगेच जेटला दोष देऊ नका. आधी हवेची जाळी साफ करा. चोकची तार अडकली आहे का ते पाहा. सायलेन्सरमध्ये काजळी साचली आहे का तेही पाहा. एवढे करून गुण आला नाही, तर मग जेटकडे वळा. महाबळेश्वराला हवा विरळ असते. समुद्रकाठापेक्षा तेथे सुमारे आठवा हिस्सा हवा कमी मिळते. त्यामुळे कोकणातून वर गेलेली गाडी थोडी जड चालते. पण दोन दिवसांच्या यात्रेसाठी जेट बदलण्याचे कारण नाही.

आता काम कसे करायचे ते पाहू.

इंजिन गार होऊ द्या. गाडी उघड्यावर, सावलीत उभी करा. पेट्रोलची चावी बंद करा. जवळ दिवा नको, चूल नको. विडी तर कानामागेसुद्धा नको.

उजव्या बाजूचे झाकण काढा. आत कार्ब्युरेटरची पेटी दिसेल. तिच्या झाकणाचे दोन स्क्रू काढा. खाली हवेची जाळी आहे, तिचेही दोन स्क्रू काढा. सगळे स्क्रू एका वाटीत ठेवा. कार्ब्युरेटरच्या तोंडात स्वच्छ फडके घाला. आत एखादा स्क्रू पडला, तर इंजिन खोलण्याची पाळी येईल.

आता पितळेचे स्क्रूसारखे डोके दिसेल. पितळ मऊ असते. खाचेत नीट बसेल असाच पाना घ्या आणि डावीकडे फिरवा. एक लांबट दांडी वर येईल. तिचे तीन भाग असतात. वरचा भाग हवेचा. त्यावर १६० सारखा मोठा आकडा असतो. मधली नळी. आणि सर्वांत खालचा तुकडा तो आपला जेट. तो हाताने ओढला की निघतो. वरच्या आकड्याला जेटचा आकडा समजू नका. हवेच्या भागाचा हिशेब उलटा असतो. तेथे आकडा वाढला की हवा वाढते.

जेट उजेडाकडे धरा. भोक गोल दिसते का ते पाहा. आत घाण असेल तर पेट्रोलने धुवा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा. त्यात तार किंवा टाचणी घालू नका. रॉकेलच्या स्टोव्हला आपण पिन मारत होतो. ती सवय येथे चालत नाही. तारेने पितळ खरवडते आणि भोक मोठे होते. वर आकडा तोच राहतो, पण तो खोटा होऊन बसतो.

आमच्या गाडीचे असेच झाले. तालुक्याच्या गावी एका कारागिराने जेटमध्ये तार फिरवली. गाडी धूर सोडू लागली. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाणारी गाडी तिसावर आली. आम्ही ठरवले, नवा जेट आपणच घालावा. जुना काढला आणि आकडा वाचला. ८६ दिसला. दुकानातून ८६ चा जेट आणला, बसवला आणि आमच्या मंडळींना मागे बसवून निघालो. चढावर गाडी एकाएकी घुटमळली. पिस्टन जाम झाला आणि मागचे चाक जागच्या जागी अडकले. आम्ही दोघेही पडलो. मंडळींचे कोपर सोलून निघाले. दैव चांगले, मागून एस.टी. येत नव्हती.

चूक कोणाची? आमचीच. जेटवरचे आकडे इंग्रजी असतात, घड्याळात आणि मोबाईलवर असतात तसे. इंग्रजी ९८ उलटा धरला की ८६ दिसतो. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि दोन आकडे आम्ही उलटे वाचले! भोक जवळजवळ पाव हिश्श्याने लहान झाले. पेट्रोल कमी पडले की इंजिन फार तापते. शिवाय या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी म्हणजे पिस्टनला तेलही कमी. मग तो चिकटणारच.

म्हणून जेटवरचा आकडा दोन्ही बाजूंनी वाचून पाहा. गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकड्याशी जो जुळेल तो खरा. मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहिला तरी चालेल. मग तो वहीत लिहून ठेवा.

नवा जेट नळीला दाबून बसवा. दांडी आधी हाताने फिरवा, मग पान्याने बेताने आवळा. फडके काढायला विसरू नका. जाळी आणि झाकण लावल्याशिवाय गाडी चालवू नका, नाहीतर हवा जास्त जाईल. पेट्रोलची चावी सोडा. कोठे गळत नाही ना ते पाहा. मगच किक मारा.

दोन-चार किलोमीटर फिरून या. इंजिन गार झाल्यावर प्लग काढून त्याचे टोक पाहा. बदामी रंग असेल तर माप बरोबर. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे फटक असेल तर पेट्रोल कमी, आणि ते जास्त धोक्याचे. २०२५ पासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या गाडीचे मिश्रण आणखी थोडे पातळ होते. म्हणून पेट्रोल वाचवायला लहान जेट घालण्याचा मोह धरू नका. वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च नव्या पिस्टनला येतो.

चालता चालता गाडी एकदम मागे ओढल्यासारखी वाटली, तर डाव्या हाताचा क्लच लगेच दाबा. चाक मोकळे होईल आणि तोल सावरेल. आम्हांला त्या दिवशी हे सुचले नाही.

तुम्ही आता आकडे वाचायला शिकला आहात. ते केवळ तिकिटासाठी आणि बिलासाठी नाहीत. तांदळाएवढ्या तुकड्यावरचे दोन आकडे नीट वाचले, तर इंजिन वाचते आणि मागे बसलेले माणूस सुखरूप घरी येते. घाई करू नका. सुलटे वाचा, उलटेही वाचून पाहा, आणि मगच पाना हातात घ्या.