विष्ठेच्या डागांवरून पेंग्विनची मोजदाद

एम्परर पेंग्विनची वसाहत अवकाशातून ओळखायची खूण फारशी शोभिवंत नाही: पांढऱ्या बर्फावर पडलेला विष्ठेचा तपकिरी डाग. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे पीटर फ्रेटवेल आणि त्यांचे सहकारी उपग्रहचित्रांत हेच डाग शोधतात. २०२२च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या किनाऱ्यावरच्या पाचपैकी चार वसाहती पिल्लं मोठी होण्याआधीच चित्रांतून नाहीशा झाल्या.

या पक्ष्यांची सगळी भिस्त किनाऱ्याला चिकटून गोठलेल्या समुद्रावर. मे-जूनमध्ये मादी एकच अंडं घालते आणि खायला समुद्राकडे निघून जाते. नर ते पायांवर तोलून, पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकून, दोनेक महिने उपाशीपोटी उबवतो. पिल्लाच्या अंगावर सुरुवातीला नुसती करडी लव असते, ती भिजते. पाणी न शिरणारी पिसं यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो.

त्या वर्षी बर्फ डिसेंबरच्या आतच फुटला. बुडून म्हणा, गारठून म्हणा, पिल्लं गेली.

मोठ्यांचं त्या मानाने बरं. वेडेल समुद्रातल्या हॅली उपसागरात २०१६पासून बर्फ दगा देऊ लागला, तेव्हा तिथले बरेच पेंग्विन दक्षिणेकडच्या डॉसन-लॅम्टन वसाहतीत राहायला गेले. पण शेजारचाही बर्फ टिकेनासा झाला, तर बिऱ्हाड हलवून काय साधणार?

शिवाय बर्फाच्या खालच्या अंगालाही एक स्वयंपाकघर आहे. तिथे सूक्ष्म शैवाल वाढतं, हिवाळ्यात क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवांची पिल्लं त्यावर गुजराण करतात. आणि सील, देवमासे, पेंग्विन यांचं पोट क्रिलवर नाहीतर क्रिल खाणाऱ्या माशांवर चालतं.