घरचे सुतारकाम : चूक लाकडाची आणि चूक हाताची

गेल्या आषाढात माझी ब्याऐंशी वर्षांची आई न्हाणीघरातील स्टुलावरून उठताना पडता पडता वाचली. उठण्यासाठी तिने स्टुलाच्या कडेवर हाताचा भार दिला आणि एक पाय बाहेरच्या बाजूस फाकला. दुसरा हात नळाला लागला म्हणून ती सावरली. ते स्टूल मी स्वतः केलेले होते. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मी तीस वर्षे रुग्णांच्या नातेवाइकांना समजावून सांगत आलो आहे. त्या रात्री ते सारे मी स्वतःलाच पुन्हा सांगितले.

वाचकहो, हे प्रथमच सांगण्याचे कारण असे की, हल्ली पन्नाशी-साठीतील अनेकजण मला विचारतात, ‘डॉक्टर, हाताला काही काम हवे आहे, सुतारकाम शिकू का?’ माझे उत्तर ‘अवश्य शिका’ असेच असते. घरी, गुरूविना, चुकत चुकत शिकणेही शक्य आहे; मीही तसाच शिकतो आहे. परंतु या शिक्षणात काही चुकांची किंमत लाकूड देते आणि काहींची शरीर. या दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये.

माझ्या स्टुलाची चूक अगदी बाळबोध होती. आंब्याची एक फळी घेतली, तिला खालून चार पाय टेकवले आणि वरून खिळे ठोकले. ते खिळे पायाच्या टोकाकडून, तंतूंच्या दिशेनेच आत गेले. अशा ठिकाणी खिळ्याची पकड फार कमी असते. तंतूंना आडवा गेलेला खिळाच घट्ट बसतो. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या मी लावल्याच नव्हत्या. उन्हाळाभर स्टूल ताठ उभे राहिले. मग कोकणातला पाऊस सुरू झाला. लाकूड दमट हवेतले पाणी शोषते आणि फुगते. पण ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, तंतूंना आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत वाढते. फळी रुंदावली, खिळे सैल झाले, पुढचे मी वर सांगितलेच.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्याकडे खोकल्याच्या औषधासाठी येणारे सत्तरीतील एक सुतारकाका आहेत. ते तुकडे मी त्यांना दाखवले. त्यांनी फळी उलटी केली, अंगठ्याने एक भोक चाचपले आणि म्हणाले, ‘‘डॉक्टर, खिळा लाकडाला धरत नाही, लाकूड लाकडाला धरतं. पायाला कुसू काढा, फळीला भोक पाडा. आणि म्हाताऱ्या माणसाचं काम पहिल्यांदा करायचं नसतं.’’ शेवटचे वाक्य मला पटाशीसारखे लागले.

तेव्हापासून माझा एक नियम झाला. पहिल्या तीन वस्तू अशा कराव्यात, ज्यांच्यावर कोणाच्याही देहाचा भार येत नाही: खुंट्यांची पट्टी, मसाल्याच्या डब्यांची मांडणी, चपलांचा छोटा कप्पा. त्या वाकड्या झाल्या तर घरातले हसतात, एवढेच. रद्दीच्या तुकड्यावर एकच सांधा दहा वेळा कापावा. माझ्या पहिल्या कुसवांपैकी सात भोकात खुळखुळत होते, दोन शिरलेच नाहीत. रेघेवरून कापायचे नसते, रेघ शिल्लक ठेवून टाकाऊ बाजूने कापायचे असते, हे आठव्या तुकड्यापाशी लक्षात आले. असे ज्ञान कोणी सांगून डोक्यात शिरते, पण हातात उतरत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. शाळेत असताना ती मला निबंधापुरती ठाऊक होती. तिचा अर्थ पन्नाशीनंतर कळला.

आता शरीराच्या चुकांविषयी. येथे मात्र ‘करून पाहू’ चालत नाही.

माझी पहिली जखम डाव्या अंगठ्याची. उजव्या हाताने काम करणाऱ्या शिकाऊ माणसाची जखम बहुधा डाव्याच हाताला असते, कारण तो एका हातात लाकूड धरतो आणि दुसऱ्याने पटाशी चालवतो. पटाशी बोथट होती. बोथट हत्याराला जोर अधिक लागतो आणि निसटले की तो सारा जोर समोरच्या हातात शिरतो. तीन टाके पडले, तेही मित्राकडून घालून घेतले. पुढचे दोन आठवडे रुग्णांची पोटे मी उजव्या हाताने तपासली आणि प्रत्येकाला बँडेजचा खुलासा दिला. तेव्हा शिकाऊ माणसाने रंधा घेण्याआधी धारेचा दगड आणि शिकंजा घ्यावा. लाकूड शिकंज्यात आवळावे आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत.

दुसरी गोष्ट ग्राइंडरची. मोबाइलवर पाहून अनेक तरुण या यंत्राला लाकूड कापायचे दातेरी पाते लावतात आणि अडचण नको म्हणून वरचे गार्ड काढून टाकतात. लहान ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. दाते लाकडात अडकले की यंत्र उसळी मारते आणि ती आवरणे माणसाच्या मनगटाला शक्य नसते. माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, जखमेत हळद भरून. हळद धुऊन काढीपर्यंत आत स्नायुबंध तुटला आहे की नाही हेच दिसेना. हाताच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवले, शस्त्रक्रिया झाली. तरी त्याची तर्जनी आजही पुरती वाकत नाही. घरी शिकणाऱ्याने हे पाते आणावेच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हातकरवतीला वेळ लागतो. लागू द्यावा.

कापलेच तर हळद, कॉफीची पूड, दंतमंजन यांतले काही भरू नका. वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा, हात हृदयाच्या वर उचला आणि दहा मिनिटे घड्याळ लावून दाबा. मध्येच उघडून पाहू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर याहून अधिक वेळ लागेल. रक्त थांबल्यावर बोटाचे टोक वाकते का, सरळ होते का, आणि दोन्ही कडांना स्पर्श कळतो का, ते पाहा. यांतले काहीही बिघडले असेल तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या लशीची नोंद काढून ठेवा: ती दर दहा वर्षांनी घ्यावी, जखम मळकी असेल आणि मागील मात्रेला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते. बोटाचा तुकडाच पडला, तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. त्याने तो गोठून निकामी होतो.

भुशाचा धोका रक्तासारखा दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत १९९५ सालीच झाली आहे. हा धोका प्रामुख्याने नाक व त्यालगतच्या पोकळ्यांचा, आणि वर्षानुवर्षे त्या धुळीत राबणाऱ्यांचा. रविवारी दोन तास काम करणाऱ्याने घाबरून जाऊ नये; पण दमा असलेल्याने सावध असावे. साग आणि शिसवाच्या भुशाने काहींच्या कातडीवर पुरळ उठते. पॉलिश पेपर घासताना एन-९५ मास्क लावा, काम गच्चीत किंवा अंगणात करा, भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. सुतारकाकांचा खोकला भुशाचा किती आणि विडीचा किती, हे वेगळे काढणे मला जमलेले नाही.

आणखी एक, कारण हे फारसे कोणी सांगत नाही. लाकडाला अळशीचे तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापते आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडू न शकल्याने फडके आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

नवे स्टूल मी मार्चमध्ये केले. सागाचे, कुसवाचे, चारही पायांना आडव्या पट्ट्या असलेले. आईला देण्यापूर्वी महिनाभर मी त्यावर बसून जेवलो. माझे वजन एक्क्याऐंशी किलो आहे. ती प्रथम बसली तेव्हा म्हणाली, ‘‘अरे, हे विकत आणलंस ना?’’ न्हाणीघरात भिंतीला पोलादी कठडाही बसवून घेतला. तो मात्र मी बसवलेला नाही.

सध्या माझ्या टेबलाचा खण अडकतो आहे. त्यावर रंधा फिरवण्याचा मोह होतो. पण पावसात फुगलेले लाकूड आज तासले तर हिवाळ्यात खण खुळखुळेल, म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो आहे. तोवर कागदपत्रे खिडकीत ठेवली आहेत.