कुमारिकेचं पाणी

तहानलेल्या रोमन शिपायांना एका मुलीने झरा दाखवला, म्हणून त्या पाण्याचं नाव ‘आक्वा विर्गो’, कुमारिकेचं पाणी. अशी कथा आहे. इतिहास एवढा पक्का, की सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने इ.स.पू. 19 मध्ये हे पाणी रोममध्ये आणून आपल्या स्नानगृहांना दिलं. माझ्या मते रोमची चढती, पडती आणि उरलेली सगळी कहाणी या एका कालव्यात सापडते.

कालवा सुमारे 20 किलोमीटर लांब, बहुतेक जमिनीखालून गेलेला. एवढ्या अंतरात उतार किती? जेमतेम 4 मीटर! पंप नाही, दाब नाही. रोमन कारागिरांकडे 20 फुटी लाकडी पाणसळ असे. तिला ओळंबे लावलेले; वाऱ्याने ते हलू लागले, तर वरच्या खाचेत पाणी ओतून समतल पाहायचं. कालव्यांना आतून चुना आणि फुटक्या खापरांच्या सुरखीचा गिलावा असे. आपले जुने गवंडीही हाच माल वापरत.

पण खरं सामर्थ्य देखभालीत होतं. इ.स. 97 मध्ये फ्रोंटिनस पाणीखात्याचा प्रमुख झाला, तेव्हा शहरात 9 कालवे वाहत होते आणि त्यांच्या निगराणीला 700 गुलाम होते. चोरून नळ जोडणाऱ्यांविषयी फ्रोंटिनसने तळमळीने लिहून ठेवलंय. या वैभवामागचे ते 700 हात मात्र निनावी राहिले, हे विसरू नये.

इ.स. 537 मध्ये गॉथ या जर्मानिक लोकांनी रोमला वेढा घालून कालवे तोडले. पाणचक्क्या थांबल्या; सेनापती बेलिसारियसने टायबर नदीत होड्यांवर जाती बसवून शहराला पीठ पुरवलं. कधीकाळी दहा लाखांच्या घरातलं रोम पुढे काही हजारांवर आलं आणि लोक पुन्हा नदीकाठी सरकले.

तरी विर्गो पुरती मेली नाही. बराचसा भाग जमिनीखाली असल्याने ती तगली. 1453 मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी तिची डागडुजी केली. 1762 मध्ये पूर्ण झालेलं त्रेवीचं जगप्रसिद्ध कारंजं तिच्याच पाण्यासाठी उभारलं गेलं.

रोममधल्या पियाझ्झा दि स्पान्या या चौकात गेलात, तर पायऱ्यांसमोरचं पिएत्रो बर्निनीचं कारंजं जरूर पाहा. ते अर्धवट बुडालेल्या होडीच्या आकाराचं आहे आणि रस्त्याच्या पातळीच्याही खाली बसवलेलं आहे. विर्गोचं पाणी तिथे त्याहून वर चढत नव्हतं.