नातवाचा सामना आणि आजोबांचं तिकीट: अमेरिकेतल्या ट्रॅव्हल बेसबॉलच्या गेट फीबद्दल

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत गेलेल्या आजी-आजोबांना नातवाच्या बेसबॉलचे नियम उमजायला दोन-चार सामने जावे लागतात. गेटवरचं टेबल मात्र पहिल्याच दिवशी उमजतं. माणशी दहा-पंधरा डॉलर, शक्यतो कार्डाने, मनगटाला कागदी पट्टा, की मग आत. आत म्हणजे जाळीचं कुंपण, ॲल्युमिनियमची तीन-चार पायऱ्यांची बाकं आणि घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या. ज्यांनी मुंबईत आझाद मैदानावर झाडाच्या सावलीत उभं राहून शाळांचे सामने पाहिले, त्यांना हे पचणं कठीणच. हॅरिस शील्डमधली तेंडुलकर-कांबळी जोडीची ६६४ धावांची भागीदारी १९८८ साली तिथे उघड्या मैदानावरच झाली होती. कुणी मनगटाला पट्टा बांधला नव्हता.

आजोबांचा प्रश्न मग ठरलेला. "पोराच्या क्लबला वर्षाची फी भरली ना? मग हे कशाचं?" मुलगा गाडी लावायला गेलेला असतो, सून उत्तर देते, "बाबा, इकडे असंच असतं." हे उत्तर चुकीचं नाही, पण त्याने काही कळतही नाही. न्यू जर्सी असो की टेक्सास, या बाकांवर बसणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत आणि गेट फीबद्दलचे समज त्यांच्यातही तेच आहेत जे शेजारच्या खुर्चीवरच्या अमेरिकन पालकांत आहेत.

"एकदा फी भरली की सगळं आलं"

ट्रॅव्हल बेसबॉल म्हणजे गावोगावच्या टूर्नामेंट खेळत फिरणाऱ्या क्लबांचा बेसबॉल, आणि त्यात तीन वेगळे खिसे आहेत. पहिला क्लबचा. मूल ज्या संघातून खेळतं तो क्लब वर्षाला फी घेतो, बहुधा हजारांत. त्यात कोचचं मानधन, थंडीतला बंदिस्त जागेतला सराव, गणवेश आणि टूर्नामेंटच्या एंट्री फी धरलेल्या असतात. दुसरा खिसा आयोजकाचा. आठवड्याअखेरची टूर्नामेंट भरवणारी कंपनी किंवा संस्था क्लबपासून अगदी वेगळी असते; क्लब तिला दर टूर्नामेंटमागे काहीशे डॉलर एंट्री फी देतो आणि मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांना त्याहून कितीतरी जास्त. तिसरा खिसा मैदानाच्या मालकाचा. तो गावाचा उद्यान विभाग असेल, काउंटी असेल, नाहीतर खासगी क्रीडासंकुल.

गेटचे पैसे या दुसऱ्या किंवा तिसऱ्या खिशात जातात, कधी दोघांत वाटून. तुमच्या मुलाच्या क्लबच्या वाट्याला त्यातलं सहसा काही येत नाही. अपवाद एकच, क्लबने स्वतः टूर्नामेंट भरवली तर. तेव्हा गेट हा निधी जमवायचा मार्ग असतो आणि टेबलामागे पाळीपाळीने बसलेले चेहरे तुमच्याच संघातल्या आया-बाबांचे असतात. तिथे कुरकुर करायची तर जपून.

"अंपायर आणि मैदानाचा खर्च गेटमधूनच निघतो"

हा सगळ्यांत पसरलेला समज, आणि तो अर्धा खरा असल्यामुळेच टिकून आहे. अंपायरला सामन्यागणिक पैसे मिळतात, मैदानाला भाडं लागतं, धुळीच्या भागावर रेघा मारायला माणूस लागतो, चेंडू लागतात, ट्रॉफ्या लागतात. हे सगळं खरं. पण एंट्री फी ज्यासाठी घेतली जाते तो खर्च हाच. काही टूर्नामेंटमध्ये तर अंपायरचे पैसे एंट्री फीतही नसतात. सामना सुरू होण्याआधी दोन्ही कोच होम प्लेटपाशी येतात आणि आपापला वाटा रोख हातात ठेवतात. अशा ठिकाणी "गेट अंपायरसाठी आहे" असं कुणी सांगितलं तर ते सरळ चूक आहे.

मग गेट कशासाठी? थोडा हिशोब करून बघू. आकडे उदाहरणादाखल घेतो, पण चित्र नेहमीचंच आहे. संघात बारा मुलं, प्रत्येकामागे दोन प्रेक्षक, म्हणजे चोवीस. माणशी दहा डॉलर, शनिवार-रविवार दोन दिवस: ४८० डॉलर. एका संघामागे. चाळीस संघ असले तर १९,२०० डॉलर. गावपातळीवरच्या कित्येक टूर्नामेंटची एका संघाची एंट्री फीसुद्धा साधारण त्या ४८०च्याच घरात असते. म्हणजे आयोजकाला एका संघाकडून जेवढं उत्पन्न एंट्रीतून मिळतं, जवळपास तेवढंच गेटमधून मिळू शकतं.

हे सगळं एंट्री फीतच का नाही घालत? कारण संघाचा मॅनेजर टूर्नामेंट निवडताना यादीत बघतो तो एंट्री फीचा आकडा. एकाने ५०० लिहिले आणि दुसऱ्याने ९८०, तर दुसऱ्याकडे कोण जाईल? पहिल्याने उरलेले ४८० गेटवर ठेवले असले तरी यादीत तो स्वस्तच दिसतो. निवड करणारा एक, पैसे देणारे दुसरे, आणि देण्याची वेळ येते तेव्हा मूल गणवेश घालून डगआउटमध्ये शिरलेलं असतं. तिथून कोण परत फिरतो? माझ्या मते गेट फीचं मूळ इथे आहे, अंपायरमध्ये किंवा चुन्याच्या रेघांमध्ये नाही. "गेट फी नाही" अशी जाहिरात करणारे आयोजकही आहेत. त्यांच्याकडे एंट्री फी चढी असते, आणि ते लपवत नाहीत.

या मांडणीने बोजा मात्र वेगळ्या रीतीने वाटला जातो, तिकडे सहसा लक्ष जात नाही. एंट्री फीत घातलेली रक्कम बारा घरांत सारखी विभागली जाते. गेटवर ती डोक्यांवर पडते. रात्रपाळी करून एकटीच आलेली आई दहा डॉलर देते. आजी-आजोबा आणि मोठी बहीण यांना घेऊन आलेलं पाच जणांचं घर पन्नास देतं, आणि दोन दिवसांचे शंभर. उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. जे कुटुंब कधी बघायला येतच नाही, मुलाला शेजाऱ्यांच्या गाडीतून पाठवतं, त्याने इतरांच्या बघण्याचा खर्च का उचलावा? हा मुद्दा खोटा नाही. पण त्या घराचीही कोंडी होते: यायचं मनात असून दहा डॉलरसाठी न येणारे पालक आणि वेळ नसल्याने न येणारे पालक गेटवरून सारखेच दिसतात.

"लिटल लीगमध्ये तर कुणी पैसे मागत नाही"

मागत नाही, बरोबर. कारण लिटल लीग या मुलांच्या स्थानिक बेसबॉल संघटनेच्या नियमावलीतच सामन्याला प्रवेशशुल्क लावायचं नाही असं लिहिलं आहे. ऐच्छिक वर्गणी तेवढी चालते. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली ही चळवळ सुरू केली, आणि आज दर ऑगस्टमध्ये शेजारच्या साउथ विल्यम्सपोर्टला जी लिटल लीग वर्ल्ड सिरीज होते, तिथेही प्रवेश फुकट असतो. सामने ईएसपीएनवर दिसतात, जगभरातून संघ येतात, डोंगरउतारावर हजारो माणसं बसलेली असतात आणि गेटवर तिकीट नसतं.

यावरून "बघा, फुकट करता येतं" असा निष्कर्ष काढणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथे खर्च नाही असं नाही, तो दुसऱ्या वाटेने भागतो. वर्ल्ड सिरीजला प्रक्षेपण आणि प्रायोजक आहेत, आणि तिथले अंपायर स्वयंसेवक असतात. गल्लीतल्या लिटल लीगचा डोलारा आईबाबांच्या फुकट श्रमावर उभा असतो: कुणी मैदान आखतं, कुणी खाण्याच्या टपरीवर हॉट डॉग विकतं, कुणी संघ सांभाळतं. आपल्याकडच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मांडव घालणारी पोरं पगार घेत नाहीत, तसंच. ट्रॅव्हल बॉलमध्ये या कामांना पगारी माणसं असतात. शिवाय लिटल लीग बहुतांशी गावातल्या गावात चालते. ट्रॅव्हल संघ शनिवारी पहाटे दीडशे मैल लांब जातो. तुमच्या घरापासून दोन तासांवर असलेल्या गावात तुम्ही स्वयंसेवक म्हणून नाव घालणार का?

"पार्क सार्वजनिक आहे, गेट लावूच शकत नाहीत"

लावू शकतात. उद्यान सर्वांचं असलं तरी ठरावीक मैदानं ठरावीक तासांसाठी भाड्याने देण्याचा अधिकार गावाकडे असतो, आणि परवान्यात प्रवेशशुल्काची मुभा आहे की नाही ते लिहिलेलं असतं. काही गावं ती देत नाहीत, काही गेटमधला हिस्सा मागतात. वाद असेल तर उत्तर त्या परवान्यात सापडतं.

पण यामागचं मोठं चित्र पाहायचं तर इंडियानातल्या वेस्टफील्डचं ग्रँड पार्क पाहावं. गावाने उभं केलेलं हे संकुल २०१४ मध्ये सुरू झालं. सुमारे ४०० एकर, बेसबॉल-सॉफ्टबॉलची २६ मैदानं. एका उपनगराला इतकी मैदानं त्याच्या स्वतःच्या मुलांसाठी लागत नाहीत. ती बाहेरून येणाऱ्यांसाठी असतात, म्हणजे हॉटेलात राहणाऱ्या, रेस्टॉरंटात जेवणाऱ्या, पेट्रोल भरणाऱ्या कुटुंबांसाठी. अमेरिकेतल्या कित्येक गावांनी हाच हिशोब मांडून अशी संकुलं बांधली.

म्हणून गेटच्या दहा डॉलरवर चडफडणाऱ्या पालकाने हॉटेलच्या बिलाकडे एकदा नीट बघावं. बऱ्याच टूर्नामेंटमध्ये बाहेरगावच्या संघाने आयोजकाने नेमून दिलेल्या हॉटेलांतच, त्याच्याच बुकिंग यंत्रणेतून खोल्या घ्यायची सक्ती असते. तिला 'स्टे टू प्ले' म्हणतात. खोलीमागे काही रक्कम आयोजकाकडे परत जाते, आणि ती कुठल्याही पट्ट्यावर छापलेली नसते. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या 'प्रोजेक्ट प्ले' पाहणीनुसार २०२४ मध्ये सरासरी अमेरिकन कुटुंबाने मुलाच्या मुख्य खेळावर १,०१६ डॉलर खर्च केले, २०१९ पेक्षा ४६ टक्के जास्त. ही सगळ्या खेळांची सरासरी आहे. ट्रॅव्हल बेसबॉलचं घर तिला हंगामाच्या सुरुवातीलाच ओलांडतं. त्या खर्चात गेट हा लहान तुकडा आहे. तो बोचतो कारण तो डोळ्यांसमोर आणि दर आठवड्याला द्यावा लागतो.

"ना-नफा संस्था आहे, मग पावती करात लावू"

लावता येत नाही. काही आयोजक खरोखरच करमुक्त संस्था असतात, पण तिकिटाच्या बदल्यात तुम्हाला सामना बघायला मिळतो. दिलेल्या रकमेतून मिळालेल्या गोष्टीची किंमत वजा जाता काही उरलं तरच ती देणगी. दहा डॉलरच्या तिकिटात दहा डॉलरचा सामना असतो, उरत काही नाही. उलट काही राज्यांत तिकिटावरच कर बसतो. फ्लोरिडात प्रवेशशुल्कावर राज्याचा ६ टक्के कर आहे, काही संस्थांना त्यातून सूट असली तरी. आणि सगळेच आयोजक ना-नफा असतात हाही भ्रमच. या धंद्यात आता मोठा पैसा उतरला आहे: जॉश हॅरिस आणि डेव्हिड ब्लिट्झर या व्यावसायिक संघांच्या मालकांनी २०२४ मध्ये 'अनरायव्हल्ड स्पोर्ट्स' ही कंपनी जाहीर केली, तिच्या छत्राखाली रिपकन बेसबॉल आणि कूपर्सटाउन ऑल स्टार व्हिलेज आहेत. नफा मिळवणं गुन्हा नाही. फक्त त्याला मुलांसाठीची देणगी समजू नये.

"गेट महाग म्हणजे स्काउट येणार"

दहा वर्षांच्या मुलाच्या सामन्याला? कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या सध्याच्या नियमानुसार डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजचे बेसबॉल कोच मुलाशी संघात घेण्याबद्दल बोलणं सुरू करू शकतात ते अकरावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मोठ्या स्पर्धांना कॉलेजचे लोक येतात हे खरं, पण टूर्नामेंटच्या नावात 'वर्ल्ड सिरीज' घातलं आणि पट्टा पंधरा डॉलरचा केला म्हणून कुणी येत नाही.

राहिला पाऊस. सामनेच झाले नाहीत तर संघाला एंट्री फीतलं किती परत मिळेल, याचं कोष्टक बहुतेक आयोजकांकडे असतं, किती सामने झाले त्यावर. गेटचे पैसे मात्र बहुधा परत मिळत नाहीत, आणि शनिवारी घेतलेला एक दिवसाचा पट्टा रविवारी चालत नाही. वीकेंड पास स्वस्त पडतो, पण आकाश बघून घ्यावा. ऑनलाइन घेताना शेवटच्या पानावर सेवाशुल्क वाढतं का तेही पाहावं. १२ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय व्यापार आयोगाच्या नियमाप्रमाणे क्रीडासामन्यांसारख्या कार्यक्रमांच्या तिकिटांची सक्तीच्या शुल्कांसकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते. लहान मुलांना आणि कधी ज्येष्ठांना सूट असते, पण ती मागावी लागते. वयाची अट प्रत्येकाची निराळी.

गेटवर वाद घालून मात्र काही मिळत नाही. टेबलामागे बहुतेक वेळा तासावर कामाला ठेवलेलं हायस्कूलचं पोर असतं, त्याच्या हातात फक्त पट्ट्यांचं भेंडोळं. टूर्नामेंटची निवड संघाचा मॅनेजर हंगामाच्या कितीतरी आधी, बहुधा थंडीतच, करून टाकतो. प्रश्न तेव्हा विचारायचा: एंट्री किती, गेट किती, हॉटेलची सक्ती आहे का? बारा पालकांनी एकत्र विचारलं तर मॅनेजर यादीत तीन नवे रकाने आखतो. बारांतल्या अकरांना मात्र हा प्रश्न मेमध्ये सुचतो, गेटपाशी.